न टाकलेल्या पाइपलाइनच्या वाटेने

वाचकहो, या खेपेला जरा लांबच्या मुलखात जायचे आहे. मुलांच्या शाळेचा जगाचा नकाशा घरात असेल तर तो जमिनीवर पसरा. अमेरिकेच्या पश्चिम कडेला, पॅसिफिक महासागराला लागून ऑरेगन नावाचे राज्य दिसेल. त्याच्या अगदी दक्षिणेला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीला जवळजवळ चिकटून, मॅलिन नावाचे लहानसे गाव आहे. नकाशात ते बहुधा सापडणार नाही. तिथून समुद्रकाठच्या कूस बे गावापर्यंत आपल्याला जायचे आहे. अंतर २२९ मैल, म्हणजे सुमारे ३६८ किलोमीटर.

या वाटेवर सरळ असा रस्ता नाही. ही वाट कागदावर आखली होती ती जमिनीखालून जाणाऱ्या पाइपलाइनसाठी. तीन फूट व्यासाची लोखंडी पाइपलाइन, तिच्यातून नैसर्गिक वायू वाहणार, आणि कूस बेला समुद्राच्या काठी तो वायू थंड करून जहाजात भरून परदेशी पाठवणार, असा बेत होता. सतरा वर्षे हा बेत चालला. सहाशेहून अधिक जमीनमालकांच्या शेतांतून, कुरणांतून आणि रानांतून ही रेघ गेली होती. शेवटी पाइपलाइन काही झाली नाही. पण ती का झाली नाही, आणि त्या सतरा वर्षांत शेतकऱ्यांचे काय झाले, हे ऐकण्यासारखे आहे. आपल्या शिवारातही मोजणीवाले येतात, खांब रोवतात आणि निघून जातात. मागे घरात चर्चा सुरू होते, ती रात्रीच्या जेवणापर्यंत संपत नाही. तसेच तिकडेही झाले.

तर मॅलिनपासून निघू. हे गाव वसवले ते चेक लोकांनी. युरोपातल्या बोहेमियातून आलेली काही कुटुंबे १९०९ च्या सुमारास इथे येऊन राहिली आणि मायदेशातल्या मालीन गावाचे नाव त्यांनी नव्या गावाला दिले. मुलूख समुद्रसपाटीपासून चार हजार फूट उंच, थंडी कडक, पाऊस बेताचा. पण बटाटा, कांदा, बार्ली आणि घासाची शेती चांगली होते, कारण कालव्याचे पाणी आहे. १९०५ साली अमेरिकन सरकारने क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात पाटबंधाऱ्याचे मोठे काम मंजूर केले. दलदली आटवल्या, कालवे काढले, जमीन वहिताखाली आली.

आता कालवा म्हटला की भांडण आलेच. ते आपल्याला सांगायला नको. २००१ सालच्या दुष्काळात सरकारने या शेतकऱ्यांचे पाणी ऐन हंगामात तोडले, कारण नदीतल्या आणि तळ्यातल्या दुर्मीळ माशांना पाणी राखणे कायद्याने भाग होते. शेतकरी चिडले. क्लॅमथ फॉल्स या शहरात हजारो लोकांनी रांग लावून बादल्या हातोहात पुढे दिल्या, निषेध म्हणून. खाली नदीकाठी राहणाऱ्या मूळ रहिवासी जमातींचे म्हणणे वेगळे होते: मासे मेले तर आमचे काय राहिले? हे सांगायचे कारण असे की, पाइपलाइनचा प्रश्न आला तेव्हा एकेकाळी एकमेकांसमोर उभे राहिलेले यातले पुष्कळ लोक एकाच सभागृहात एकाच बाजूला बसलेले दिसले. शेतकरी, गुरेपाळ, कोळी आणि आदिवासी. अशी मोट सहजासहजी बांधली जात नाही.

मॅलिन गावालगत वायूच्या दोन मोठ्या पाइपलाइन येऊन मिळतात. एक कॅनडाकडून उतरते, दुसरी वायोमिंग राज्यातून डोंगर ओलांडून येते. ही दुसरी २०११ मध्ये सुरू झाली. वायू इथवर येतोच आहे, तो पुढे समुद्रापर्यंत नेला की आशियाचे गिऱ्हाईक मिळेल, असा हिशेब.

या बेताची जन्मकथा मात्र गमतीची आहे. सुरुवातीला, २००४ च्या सुमारास, ठरले होते ते उलटे. परदेशातून जहाजाने वायू आणायचा, कूस बेला उतरवायचा आणि पाइपलाइनने आत मॅलिनकडे न्यायचा. अमेरिकेला वायूचा तुटवडा पडणार असे तेव्हा सगळे म्हणत होते. २००९ च्या डिसेंबरात त्या बेताला केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाची मंजुरीही मिळाली. तोवर अमेरिकेत खडक फोडून वायू काढण्याचे तंत्र फोफावले, वायूचा पूर आला, भाव कोसळला. मग कंपनीने तीच जागा आणि जवळजवळ तीच पाइपलाइन पुढे करून सांगितले की आता आम्ही वायू बाहेर पाठवणार. २०१२ मध्ये जुनी मंजुरी रद्द झाली आणि २०१३ मध्ये निर्यातीचा अर्ज आला. ज्या शेतकऱ्याला पहिल्या पत्रात ‘देशाला वायूची गरज आहे म्हणून तुमची जमीन हवी’ असे समजावले होते, त्यालाच काही वर्षांनी ‘देशात वायू फार झाला म्हणून तुमची जमीन हवी’ असे ऐकावे लागले. गरज फिरली, पण रेघ त्याच बांधावरून राहिली.

या रेघेचा हिशेब आपल्या मापात मांडून पाहा. काम चालू असताना साधारण ९५ फूट रुंद पट्टा लागणार होता. काम संपल्यावर कायमचा हक्क ५० फूट रुंदीवर राहणार. तुमचे शेत समजा ४०० मीटर लांबीचे आहे आणि रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. मग कामाच्या वेळी जवळजवळ ११५ गुंठे, म्हणजे पावणेतीन एकरांहून जास्त जमीन अडकली. नंतर कायमचे ६० गुंठे, म्हणजे दीड एकर. जमीन तुमच्याच नावावर राहते, कर तुम्हीच भरता, गवत उगवते, गुरे चरतात. पण त्यावर घर नाही, गोठा नाही, मधल्या पट्ट्यात मोठे झाड नाही. शेतात नांगर चालेल. पण ज्याच्या शेतात इमारती लाकडाची झाडे आहेत, त्याला तीस-चाळीस वर्षांचे पीक कापून द्यायचे आणि पुन्हा कधी लावायचे नाही.

मॅलिनहून पश्चिमेला निघाले की पहिली मोठी नदी लागते ती क्लॅमथ. हिच्या तळाखालून, पाण्याला हात न लावता, आडवे भोक पाडून पाइपलाइन न्यायची योजना होती. क्लॅमथ जमातींनी याला हरकत घेतली. नदीकाठची जमीन त्यांच्या पूर्वजांची, दफनस्थळे तिथली, आणि नदी हीच त्यांची अन्नपूर्णा. पुढे याच नदीवरची चार जुनी धरणे २०२३ आणि २०२४ मध्ये पाडण्यात आली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात सॅमन मासे शंभरहून अधिक वर्षांनी वरच्या अंगाला, ऑरेगनात, परत चढून आले. नदीवर माणसांचा जीव किती जडलेला असतो हे यावरून ध्यानात येईल.

नदी ओलांडली की कॅस्केड पर्वतरांग. ज्वालामुखीचे डोंगर, माथ्यावर बर्फ, उतारावर देवदार-पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांची सरकारी राने. इथे पाइपलाइन म्हणजे रानातून केस विंचरताना पाडतात तसा सरळ भांग. ठिपक्यांचे घुबड म्हणून एक दुर्मीळ पक्षी या जुन्या रानांत राहतो आणि मार्बल्ड मरलेट नावाचा एक समुद्रपक्षी तर मासे समुद्रात पकडतो पण घरटे मैलोगणती आत येऊन जुन्या झाडाच्या जाड फांदीवर करतो. दोघांनाही मोठी, जुनी, सलग झाडी लागते.

डोंगर उतरले की रोग नदीचे खोरे. नाव इंग्रजीत ‘लबाड’ अशा अर्थाचे असले तरी नदी फार देखणी आहे. १९६८ साली अमेरिकेने ज्या पहिल्या आठ नद्या ‘जशाच्या तशा राखायच्या’ म्हणून कायद्याने ठरवल्या, त्यांत हिच्या खालच्या भागाचा समावेश होता. मेडफर्ड शहराच्या आसपास नासपतीच्या बागा आहेत. बागायतदारांना दंव पडण्याची भीती असते, म्हणजे द्राक्षवाल्यांना नाशिककडे जी चिंता, तीच.

तिथून पुढे डग्लस जिल्हा. टेकड्या, मेंढ्या, गुरे, ओढे. इथल्या ओढ्यांत कोहो जातीचा सॅमन येतो. हा मासा जन्मतो ओढ्यात, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्याच ओढ्यात परततो. त्याला पाणी थंड लागते आणि तळाशी स्वच्छ गोटे लागतात. काठावरची झाडे तोडली की ऊन थेट पाण्यावर पडते आणि पाणी तापते. उतार खणला की पहिल्या पावसात माती ओढ्यात येते आणि गोट्यांच्या फटी बुजतात, अंडी गुदमरतात. पाइपलाइन एकूण तीनशेहून अधिक नदी-नाले-ओहोळ ओलांडणार होती. एका ओढ्याचे नुकसान थोडे वाटेल, पण तीनशे ठिकाणचे थोडे-थोडे मिळून किती, हा प्रश्न पुढे निर्णायक ठरला.

या जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी कंपनीशी करार केला नाही. त्यात पक्षाचा प्रश्न नव्हता. इथले बरेच लोक सरकारी निर्बंधांना नाक मुरडणारे, आपल्या मालकीला जपणारे. त्यांचा मुद्दा साधा होता. अमेरिकन कायद्याप्रमाणे केंद्रीय आयोगाने पाइपलाइन ‘लोकांच्या सोयीची आणि गरजेची’ ठरवली की कंपनीला न राजी असलेल्या मालकाची जमीन कोर्टामार्फत घेता येते. रस्ता, शाळा, कालवा यांसाठी जमीन घेतली तर समजते. पण कॅनडातली खासगी कंपनी, वायू बहुतेक कॅनडाचा आणि डोंगरापलीकडचा, गिऱ्हाईक जपानचे. यात आमच्या लोकांची सोय कोणती? मला विचाराल तर, सगळ्या वादातला सर्वांत रोकडा प्रश्न हाच होता, आणि त्याला कधी रोकडे उत्तर मिळाले नाही.

आणि वाट पाहण्याचा त्रास वेगळाच. रेघ पडली की जमीन विकायला निघाली तरी गिऱ्हाईक बिचकते. म्हातारा शेतकरी मुलाला घर बांधायला जागा दाखवतो ती नेमकी रेघेवर. झाडे तोडावीत की राखावीत, कुंपण नवे घालावे की जुन्यावर भागवावे, काही ठरत नाही. याची भरपाई कोणत्याच कागदात लिहिलेली नसते.

आता शेवटचा डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरू. कोक्विल नदीच्या खोऱ्यात हिरवीगार कुरणे, दुभती जनावरे, हिवाळ्यात पुराचे पाणी शेतात. आणि मग कूस बे. आपल्या ‘कुशी’शी नावाचा संबंध नाही, तरी समुद्र जमिनीच्या कुशीत शिरावा तशीच ही खाडी आहे. गाव सोळा-सतरा हजार वस्तीचे. एके काळी इथून जगात सर्वांत जास्त इमारती लाकूड जहाजांत चढते अशी ख्याती होती. मग लाकडाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. धंदा गेलेल्या गावाची कळा आपल्याला ठाऊक आहे. गिरण्या बंद झाल्यावर मुंबईत काय झाले ते घराघरांत सांगितले गेले आहे.

म्हणून इथे बेताला पाठिंबाही खरा होता, तो लबाडीचा म्हणता येत नाही. कामगार संघटना म्हणत होत्या, काम द्या. कंपनीचा आकडा असा की बांधकाम ऐन भरात असताना सहा हजारांवर लोकांना काम मिळेल आणि पुढे कायमची दोनशेच्या आसपास नोकरी. खर्च सुमारे दहा अब्ज डॉलर. जिल्ह्याला कर मिळेल, शाळांना पैसे मिळतील. दोन पिढ्या रोजगाराची वाट पाहणाऱ्या माणसाला ‘मासे आणि घुबडे’ सांगून घरी पाठवता येत नाही. पण त्याच खाडीत कालवे वाढवणारे, खेकडे पकडणारे, शिंपले वेचणारे लोकही होतेच. त्यांचाही रोजगारच होता, आणि तो आजचा होता.

खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक लांब जीभ आहे, नॉर्थ स्पिट म्हणतात तिला. तिच्यावर जॉर्डन कोव्ह नावाच्या ठिकाणी कारखाना व्हायचा होता. तिथे काय होणार होते ते समजून घ्या. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की तो पाण्यासारखा पातळ होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. सहाशे हंड्यांतला वायू एका हंड्यात मावला म्हणा ना. मग तो जाड भिंतींच्या टाक्यांत साठवायचा आणि जहाजात भरायचा. वर्षाला ७८ लाख टन वायू पाठवायचा बेत होता, आणि त्यासाठी वर्षाला शंभराहून अधिक जहाजे खाडीत यायची होती. एवढी जहाजे यायची तर खाडीचा तळ उपसून खोल करावा लागणार. उपसा म्हणजे गाळ, गाळ म्हणजे कालवे आणि खेकडे अडचणीत.

जागाही कशी, तर भूकंपाची. या किनाऱ्याजवळ समुद्राखाली पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली घुसतो आहे. २६ जानेवारी १७०० च्या रात्री इथे प्रचंड भूकंप झाला. तारीख इतकी नेमकी कशी, असे वाटेल. इथे तेव्हा लिहिणारे कोणी नव्हते. पण त्या भूकंपाची लाट समुद्र ओलांडून जपानच्या किनाऱ्यावर आदळली आणि जपानी लोकांनी ‘भूकंप जाणवला नाही, पण लाट आली’ अशी नोंद करून ठेवली. इकडे जमीन खचून मेलेल्या झाडांच्या कड्या आणि तिकडच्या दप्तरातली तारीख, यांचा मेळ शास्त्रज्ञांनी घातला. असा भूकंप पुन्हा कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. येणार हे मात्र नक्की.

तर आता मुख्य गोष्ट, म्हणजे पर्यावरणाची तपासणी. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून एक कायदा आहे. केंद्र सरकारने मोठ्या कामाला परवानगी देण्याआधी त्याचे निसर्गावर आणि माणसांवर काय परिणाम होतील ते तपासून लिहून काढायचे, पर्याय मांडायचे, मसुदा लोकांपुढे ठेवायचा, लोकांच्या हरकती घ्यायच्या, मग अंतिम अहवाल द्यायचा. चांगला कायदा आहे. पण त्यात एक खोच आहे, ती लक्षात ठेवा. हा कायदा सरकारला ‘नीट पाहा’ असे सांगतो, ‘नाही म्हणा’ असे सांगत नाही. नुकसान होणार हे अहवालात स्पष्ट लिहूनही मंजुरी देता येते.

निर्यातीच्या बेतासाठी दोनदा तसा अहवाल निघाला. पहिल्या खेपेला २०१५ च्या सप्टेंबरात. त्यानंतर ११ मार्च २०१६ रोजी आयोगाने अर्ज चक्क फेटाळला. कारण पर्यावरण नव्हते. कंपनीकडे वायू घेणाऱ्यांचे पक्के करार नव्हते आणि जमीनमालकांपैकी अगदी थोड्यांनी संमती दिली होती. फायदा दाखवता येत नाही आणि मालकांचे नुकसान तर दिसते आहे, तेव्हा नाही, असा निकाल. ज्या शेतकऱ्यांनी सही केली नव्हती, त्यांची ती कोरी जागाच इथे साक्षीला उभी राहिली.

कंपनीने जपानी गिऱ्हाइकांशी प्राथमिक बोलणी जाहीर केली आणि २०१७ मध्ये नव्याने अर्ज केला. पुन्हा मोजणी, पुन्हा पत्रे. २०१९ च्या मार्चमध्ये नवा मसुदा आला. हजारो लोकांनी लेखी हरकती पाठवल्या. त्या साली झालेल्या सुनावण्यांत शेतकरी, मच्छीमार, आदिवासी, कामगार सगळे आले. हजारो पानांचा अहवाल वाचून त्यातली चूक दाखवणे हे काही शेतीमातीच्या माणसाचे काम नव्हे असे शहरात म्हणतात. पण आपल्या ओढ्याला पावसाळ्यात कुठे भगदाड पडते, कोणत्या उताराची माती सुटी आहे, कोणता झरा उन्हाळ्यात आटत नाही, हे त्या जागी राहणाऱ्यालाच माहीत असते. कागदावर ‘किरकोळ ओहोळ’ लिहिले म्हणून तो किरकोळ होत नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात अंतिम अहवाल आला. त्यात मान्य केले होते की बांधकामाच्या काळात कूस बेत राहायच्या जागांची मोठी टंचाई होईल, खाडीचे रूप कायमचे बदलेल, जवळच्या विमानतळाला अडथळा होऊ शकेल, आणि काही दुर्मीळ प्राणिमात्रांना अपाय होईल. तरीही १९ मार्च २०२० रोजी, कोरोनाची साथ नुकतीच पसरत असताना, आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी मंजुरी दिली. विरोधात मत देणारे सदस्य रिचर्ड ग्लिक यांचा आक्षेप होता की, हवा तापवणारे वायू या कामातून वर्षाला वीस लाख टनांहून अधिक सुटणार आणि त्याचा गांभीर्याने विचारच झालेला नाही.

मग काम का अडले? अडले ते राज्याच्या दारात. अमेरिकेत पाणी खराब होण्याबाबतचा एक कायदा आणि समुद्रकिनाऱ्याबाबतचा दुसरा, असे दोन केंद्रीय कायदे राज्याला स्वतःचा शब्द देतात. ऑरेगनच्या पर्यावरण खात्याने २०१९ च्या मेमध्येच पाण्याचा दाखला नाकारला होता. पाणी तापणार नाही, गाळ येणार नाही, दरडी कोसळणार नाहीत, याची खात्री पटेल असे कंपनीने काही दाखवले नाही, असे त्याचे म्हणणे. तीनशे ओढ्यांचा हिशेब इथे आडवा आला. २०२० च्या फेब्रुवारीत किनारा खात्यानेही हरकत घेतली आणि एक वर्षाने केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ती कायम केली. २०२१ च्या जानेवारीत केंद्रीय आयोगानेही मानले की राज्याचा पाण्याबाबतचा हक्क गेलेला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कंपनीने काम थांबवले, १ डिसेंबरला बेत सोडल्याचे कळवले, आणि त्याच महिन्यात आयोगाने मंजुरी रद्द केली.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्याशी आपला काय संबंध? आहे. वायू कूस बेहून निघाला नाही, पण अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लुईझियाना राज्यातून निघाला. आपल्या ‘गेल’ कंपनीने २०११ मध्ये तिथल्या सबीन पास बंदराशी वीस वर्षांचा करार केला. त्या कराराची पहिली बोट ३० मार्च २०१८ रोजी कुठे लागली माहीत आहे? आपल्या दाभोळला, गुहागर तालुक्यात. तिथून एक पाइपलाइन पनवेलकडे जाते आणि दुसरी कोल्हापूर जिल्ह्यातून कर्नाटकात बंगळुरूकडे. देशाला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास वायू असाच बाहेरून येतो. युरिया होतो तो मुख्यतः याच वायूपासून. उसाला खत घालताना हातातल्या गोणीमागे कुठल्या तरी परक्या मुलखातल्या शेतकऱ्याचा बांध असू शकतो.

आणि पाइपलाइन आपल्याही शेतातून जाते. यासाठी आपल्याकडे १९६२ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात जमीन विकत घेतली जात नाही, जमिनीखालून पाइप नेण्याचा ‘वापराचा हक्क’ घेतला जातो. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. पण त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत देता येते. हे २१ दिवस फार महत्त्वाचे, कारण बरेचदा गावात बातमी पोचेपर्यंत निम्मे दिवस गेलेले असतात. पीक, झाडे यांचे नुकसान झाले तर त्याची भरपाई वेगळी, आणि वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. दहा टक्के पुरेसे आहेत का? ज्या जमिनीत उद्या बागायत करायची होती तिथे झाड लावायलाच मनाई, आणि भाव मात्र दहावा हिस्सा; मला हा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूचा वाटत नाही.

जनसुनावणीचे म्हणाल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत द्रवरूप वायूची बंदरे येतात. पाइपलाइन मात्र अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तरच त्या यादीत येते. साध्या शेतशिवारातून जाणारी येत नाही. तेव्हा तिकडच्यासारखे राज्याने ‘आमच्या ओढ्यांचे काय’ असे विचारायचे दार इकडे अरुंद आहे. अर्थात तिकडचे दारही आता पूर्वीइतके रुंद राहिलेले नाही. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पर्यावरण अहवालात किती खोल जायचे हे मुख्यतः सरकारी खात्यांनी ठरवायचे, न्यायालयांनी त्यात फार शिरू नये.

कूस बेला परत जाऊन थोडे थांबू. खाडीच्या दक्षिण टोकाला साउथ स्लू नावाचा पाणथळ भाग १९७४ पासून राखीव आहे. ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो आणि बगळे उतरतात. नॉर्थ स्पिटवर जॉर्डन कोव्हची जागा मोकळीच आहे. बेत बुडाला म्हणून लाकडाच्या गिरण्या परत आल्या नाहीत. ज्यांना काम हवे होते त्यांना अजून हवेच आहे. आता बंदराच्या लोकांनी तिथे कंटेनरची गोदी आणि त्यासाठी रेल्वे सुधारण्याचा नवा बेत पुढे आणला आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या आखणीसाठी अनुदानही मंजूर केले. कामगार संघटना पुन्हा पाठिंब्याला उभ्या आहेत. मोठी जहाजे यायची म्हणजे खाडी पुन्हा उपसावी लागणार, आणि किती खोल उपसायची, गाळ कुठे टाकायचा, हे प्रश्न कालवे-खेकडेवाल्यांना याही वेळी विचारावे लागणार आहेत.